पहिली कॉईल

जळालेली मोटर दुकानात आली की मिस्त्री आधी तिचा वास घ्यायचा. वाकून, डोळे मिटून, फुलाचा घ्यावा तसा. मग सांगायचा, "ही कोरडी चालली. विहिरीत पाणी नव्हतं." नाहीतर, "हिच्यात पाणी शिरलं." आणि कधी कधी नाक वर करून नुसतं म्हणायचा, "कंडेन्सर." हा शब्द आला की मोटर आणणारा माणूस चपलेकडं बघायला लागायचा.

शेतातल्या मोटरीला विजेचे तीन फेज लागतात. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत शेताला तीन फेज ठरलेल्या वेळीच मिळायचे, बाकीच्या वेळी दोनच. ऊस काही वेळ बघून तहानत नाही. म्हणून लोक पेटीत एक कंडेन्सर बसवायचे आणि दोन फेजवर मोटर पळवायचे. थोडे दिवस पळायची. मग आतली तांब्याची कॉईल तापून काळी व्हायची आणि मोटर बारामतीत, इंदापूर रस्त्याला, मिस्त्रीच्या दुकानात यायची. जुनी कॉईल छिन्नीनं तोडून काढायची आणि नवी वळून बसवायची, हा त्याचा धंदा. त्याच्या शेजारी बसून वळसे मोजायचे, हे माझं काम.

मला ते काम मिळालं ते डासांच्या कॉईलमुळं. नवऱ्यानं कामधंदा सोडला होता आणि माझे गुडघे खुरपून खुरपून गेले होते. कुणी म्हणालं, मिस्त्रीला बसून करायच्या कामाला बाई पाहिजे. गेले. त्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डासांच्या कॉईलचं पुडकं फोडलं आणि एक जोड माझ्या हातात दिला. त्या कॉईल दोन-दोन एकमेकींत अडकून येतात.

"सोडव."

"सोडवून काय करायचं? भरदुपारी कुठले डास?"

"तू सोडव तर."

मी मधल्या टोकाला अंगठा लावला, हळूहळू सगळीकडून दाबलं आणि दोन्ही वेगळ्या करून त्याच्यापुढं ठेवल्या. एकीचाही तुकडा पडला नाही. माझ्या आधी आलेल्या सगळ्या बायांनी मोडल्या होत्या, असं नंतर कळलं. फुटक्या कॉईलचे तुकडे त्यानं डब्यात भरून ठेवले होते, नि संध्याकाळी तेच जाळायचा.

"मोजता येतं का?"

"चौथी शिकलेय."

"चौथीचं जाऊ दे. न थांबता मोजता येतं का? कुणी मेलं तरी न थांबता?"

"कोण मेलं त्यावर हाय," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्याच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल होतं, वर जुन्या लुगड्याची घडी. ते दाखवून म्हणाला, "ही जागा मिस्त्रीणीची हाय. ती इंदापूरला माहेरी हाय. आली की उठायचं. आधी सांगून ठेवतो."

म्हणजे ती येईल त्या दिवशी माझं काम संपणार होतं. मी बरं म्हणाले आणि बसले. मात्र इंदापूरची एसटी समोरच्या थांब्यावर थांबली की कोण उतरतंय, ते मी त्या दिवसापासून बघायला लागले.

वळायचं यंत्र साधं होतं. लाकडी साचा, त्याला दांडा. दांडा फिरवला की तार साच्यावर बसत जायची. वळसे दाखवायला त्याला एक काटाही होता, पण त्याच्या काचेवर मिस्त्रीनं काळा रंग फासला होता. म्हणायचा, "काटा चुकला तर कळत न्हाय. माणूस चुकला की अडखळतो." म्हणून मी मोठ्यानं मोजायचं, त्यानं फिरवायचं. एक वळसा कमी पडला तरी मोटर तापते. त्यामुळं मोजणं चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. कुणी बोललंच तर तार धरलेल्या हाताचं एक बोट वर जायचं. थांब. बोट खाली आलं की बोला. ते बोट अख्ख्या बारामतीला ठाऊक होतं. पोरं रस्त्यात त्याला बोट दाखवून पळायची.

वळलेलं काहीही दिसलं की मिस्त्री तिथं थांबायचा. नळावर बाया डोक्यावर चुंबळ ठेवायला लागल्या की हा रस्त्यावरून ओरडायचा, "उलटी गुंडाळली! सुटंल!" एकदा एकीनं तीच चुंबळ त्याला फेकून मारली. त्यानं ती उचलली, सुलट गुंडाळली आणि परत दिली. पिंपळीत एका मोटरीच्या पेटीत वेटोळं घालून नाग बसला होता. माणसं काठ्या घेऊन धावली तर हा दारात उकिडवा बसून बघत राहिला. "वळसे एकसारखे हायत," म्हणाला. तेवढ्यात नाग निघून गेला. माणसांनी मिस्त्रीला शिव्या घातल्या.

विजेच्या शेगडीची कॉईल मात्र तो दुरुस्त करायचा नाही. बायका शेगडी घेऊन यायच्या, गयावया करायच्या. "ती जळायलाच केलीय," म्हणायचा. "जी जळायला नको, तिचंच काम मी करतो."

एकदा सरकारी दवाखान्यातली नर्स आमच्या आळीत आली. बाया गोळा करून पाळणा लांबवायची तांबी कशी असते ते दाखवत होती. मिस्त्री बायांच्या मधून शिरला, चष्मा नाकावर घेतला, आणि नर्सच्या हातातली तांबी उचलून उजेडात धरली.

"कुणी वळली ही?"

"मिस्त्री, ठेवा ते. हे पुरुषांचं काम न्हाय."

"तांबं चांगलं हाय. हातबी चांगला हाय. जळाली तर?"

"जळायला काय झालं? मुदत संपली की बदलायची."

"मुदत लिहून येती? ब्येस हाय. मोटरीला कोण लिहून देत न्हाय." तांबी परत ठेवली आणि गेला. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. नर्स म्हणाली, ह्याची बायको का गेली ते कळलं. तिला काही कळलं नव्हतं. बायको गेली त्याचं कारण वेगळं होतं, पण ते सांगण्याआधी बाकाचं सांगायला पाहिजे.

दुकानात भिंतीला लागून एक बाक होता. मिस्त्रीचा नियम असा, की ज्यानं मोटर जाळली त्यानं स्वतः यायचं आणि पहिली कॉईल वळून होईपर्यंत त्या बाकावर गप्प बसायचं. त्याशिवाय मोटरीला हात लावणार नाही. तिथं बसवून तो कुणाला दोन शब्द सुनवायचा नाही. नुसतं बसायचं. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. लोक दुसऱ्या दुकानात जायचे, पण मिस्त्रीनं वळलेली मोटर वर्षानुवर्षं चालायची, म्हणून परत यायचे.

काटेवाडीच्या एका बागायतदारानं ड्रायव्हरबरोबर मोटर पाठवली. मिस्त्रीनं ड्रायव्हरला विचारलं, "तू जाळलीस?" तो म्हणाला, "न्हाय, तात्यांनी." "मग तात्यांना आण." चार दिवसांनी तात्या आले, तोंडात तंबाखूचा बार. बाकावर बसले. थुंकायला उठायची सोय नाही, कारण मोजणं सुरू झालेलं. पहिली कॉईल होईपर्यंत त्यांचे डोळे लाल झाले. बोट खाली येताच बाहेर धावले. आत येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यापेक्षा सासुरवाडी बरी."

पिंपळीचे दोन भाऊ आले होते, दारातूनच भांडत. हा म्हणे त्यानं जाळली, तो म्हणे ह्यानं. मिस्त्री म्हणाला, "दोघंबी बसा." बसले. मी मोजत होते. माझी कॉईल झाली तसा थोरला पटकन म्हणाला, "कंडेन्सर म्या टाकला, मिस्त्री. ह्यो उगं बोलणी खातोय." धाकटा रडायलाच लागला. मला त्या बाकाची तेव्हा जरा भीती वाटली.

आता मिस्त्रीणीचं. हे मला समोरच्या चहावाल्यानं सांगितलं. लग्न झाल्यापासून तीच मोजायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिची आई इंदापूरला आजारी पडली म्हणून ती गेली, आणि मिस्त्री एकटा राहिला. कामं तर पडून. तो आपला आपणच मोजायला लागला. एक दिवस मेव्हणा आला. ह्या बाकावर बसला आणि म्हणाला, "आईचं काय खरं न्हाय, दाजी. तुमचं नाव घेतीय. आत्ताच्या एसटीनं चला." मिस्त्रीचं बोट वर. मेव्हण्यानं दुसऱ्यांदा सांगितलं. बोट वरच. एसटी लागली, मेव्हणा उठून गेला. म्हातारी त्याच दिवशी गेली.

त्या सासूचा आणि मिस्त्रीचा फार जीव होता एकमेकांवर. दिवाळीला ती त्याच्यासाठी वेगळ्या चकल्या करायची. तो म्हणायचा, सगळ्या तालुक्यात ह्या एका बाईचे वळसे सारखे पडतात. दुसऱ्या कुणी चकली दिली तर तो खात नसे, खिशात ठेवायचा. खिसा तेलकट व्हायचा.

गेल्याचा निरोप आला तसा तो दुसऱ्या दिवशी इंदापूरला पोचला. मिस्त्रीणीनं दारातच विचारलं, "झाली का कॉईल?" आत घेतलं नाही. त्याच्याबरोबर आली नाही, नंतरही आली नाही.

मला पोटात ठेवता येत नाही. मी मिस्त्रीला तोंडावर विचारलं, "खरं हाय का हे?"

"हाय."

"मग उठला का न्हाई?"

"मला ऐकूच आलं न्हाय."

"बोट तर वर केलं म्हणं."

"बोट आपोआप जातं. त्याचं तोंड हलताना दिसत व्हतं, एवढंच. काय म्हणतोय ते कानात शिरलंच न्हाय."

"हातभर लांब बसलेला माणूस?"

"मी हेच सांगितलं तिला. तिचाबी विश्वास बसला न्हाय."

माझाही बसला नाही. मनात म्हणाले, सगळे पुरुष सारखे. उठायचं नव्हतं म्हणून उठला नाही, आणि आता कानावर ढकलतोय. पण मला काय करायचं होतं? ती रुसून बसली होती तोवर माझं स्टूल माझं होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं असेल. मग एका उन्हाळ्यात इंदापूरकडच्या टेम्पोतून चार मोटरी आल्या. मिस्त्री एकेकीचा वास घेत चालला होता. एकीपाशी थांबला. वास घेतला, झाकण उघडलं आणि आतली काळी कॉईल बोटानं चाचपली. कॉईल बांधायला तो दोरीची एक आडवी गाठ मारायचा, तशी दुसरं कोणी मारत नसे. गाठ त्याचीच होती.

"कुणाची ही?" त्यानं टेम्पोवाल्याला विचारलं. नाव मेव्हण्याचं निघालं.

"त्यानं जाळली?"

"न्हाय. ते गावाला गेलेते. त्यांच्या बहिणीनं दोन फेजवर चालू केली म्हणत्यात. ऊस वाळाय लागला, मग काय करंल बाई?"

मिस्त्रीनं हात धुतले. पुसले. मग म्हणाला, "ज्यानं जाळली त्यानं यायचं."

"अवो मिस्त्री, बाईमाणूस हाय ती!"

"बाक बाईलाबी चालतो."

बाकीच्या तीन मोटरींची माणसं येऊन बसून गेली. चौथी कोपऱ्यात पोत्याखाली राहिली. मी रोज तिच्याकडं बघायची. शेवटी म्हणाले, "वळून द्या की गुपचूप. ऊस वाळतोय त्यांचा. कोणाला कळतंय?"

"नियम सगळ्यांना."

मला उसाचं काही नव्हतं. मोटर गुपचूप गेली असती तर ती आली नसती, एवढंच माझं गणित होतं. त्यालाही ते कळत असणार, कारण त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

ती आली. दुपारच्या एसटीतून उतरली. उंच, हाडापेरानं मोठी, हातात वायरची पिशवी आणि काळी छत्री. मी तिला कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. रस्ता ओलांडून सरळ दुकानात आली, बाकावर बसली, छत्री शेजारी ठेवली.

"मोटर म्या जाळली," म्हणाली. "घ्या वळायला."

मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं नाही. पोतं काढलं, मोटर पुढं ओढली. तार साच्याला लावली. मी उठायला लागले, कारण तसं ठरलं होतं. तो म्हणाला, "बस. ती गिऱ्हाईक म्हणून आलीय. मोज."

मी मोजायला लागले. दांडा फिरायला लागला. आणि बाकावरून ती बोलायला लागली.

असं त्या दुकानात कधी झालं नव्हतं. मिस्त्रीचं बोट वर गेलं. ती थांबली नाही. नियम तिनंच इतकी वर्षं पाळलेला, तो कुठं मोडायचा तेही तिलाच ठाऊक. दांडा फिरत असताना हा माणूस उठून जात नाही, आणि आता मोजायला मी होते, म्हणजे त्याचे कान मोकळे. हे तिनं येतानाच एसटीत ठरवलं असावं.

मी आवाज चढवला. तिनंही चढवला. मी मोजणं सोडलं असतं तर कॉईल वाया गेली असती, म्हणून मी दांड्यावर नजर ठेवली आणि आकडा धरून बसले. मधे एकदा दिसलं, तिच्या बांगड्या हलताहेत, ती बाकावर हात आपटतेय. समोरचा चहावाला रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. मिस्त्रीचं बोट कधी खाली आलं मला कळलं नाही. त्याची मान खाली गेली होती आणि कान लाल झाले होते, पण दांडा एकसारखा फिरत होता.

शेवटचा आकडा आला. "झाली," मी म्हणाले.

तीही थांबली. तिला धाप लागली होती. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळली.

"तूच सांग गं बाई. तू परकी हायस. ह्यातला एक तरी शब्द खोटा हाय का?"

"कशातला?"

"आत्ता बोलले त्यातला!"

"मी ऐकलं न्हाय."

"ऐकलं न्हाय? हातभर लांब बसलीयस!"

"मोजत व्हते की, वहिनी."

"अगं पण कान हायत का न्हाईत तुला?"

"कान हायत. आकड्याशिवाय कायबी शिरलं न्हाय कानात. तुमचं तोंड हलताना दिसत व्हतं, एवढंच."

मी हे कुणाची बाजू घ्यायला बोलले नाही. खरं होतं ते सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग मिस्त्रीकडं. तो साच्यावरून कॉईल उतरवत होता. त्यानं एक शब्द काढला नाही. काढला असता तर बहुतेक सगळं बिघडलं असतं. दोरी घेतली आणि आपली ती आडवी गाठ मारली.

आपण काय बोललो ते मला तेव्हा ध्यानात आलं. हेच शब्द त्यानं तिला दारात सांगितले होते. मलाही सांगितले होते, आणि मी मनात त्याला खोटारडा म्हणाले होते.

"माझ्या वेळेला मोजताना कुणी बोलायचंच न्हाय," ती हळू म्हणाली. माझ्याशी नाही, मिस्त्रीशीही नाही. "कसं कळावं?" मग तिनं बाकावरून तळहात फिरवला. "हितंच बसला व्हता का तो?"

"हितंच," मिस्त्री म्हणाला.

रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, सगळं दुकान हादरलं.

"चा सांगा," ती म्हणाली.

एरवी तो दारातूनच चहावाल्याला हाक मारायचा. त्या दिवशी स्वतः उठून रस्ता ओलांडून गेला, आणि तीन कप दोन हातांत धरून, अर्धे सांडत, परत आला.

बाकीच्या कॉईल आम्ही संध्याकाळपर्यंत उरकल्या आणि मोटर टेम्पोत घालून त्याच दिवशी ती गेली. ऊस खरंच वाळत होता. पुढच्या आठवड्यात ती ट्रंक घेऊन एसटीतून उतरली. मी आपली पिशवी आधीच भरून ठेवली होती. स्टुलावरून उठले, लुगड्याची घडी झटकली आणि म्हणाले, "या वहिनी. बसा."

"तूच बस," ती म्हणाली. "मी लई वर्षं मोजलं."

"मग तुमी काय करणार?"

"मी बोलणार. मोजाय बसले तर मी काय बोलतीय ते मलाच ऐकू यायचं न्हाय."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ठरलं होतं ते मोडत होतं, आणि त्याला ठरलेलं मोडायची सवय नव्हती. शेवटी तार साच्याला लावली. मी बसले.

मग मिस्त्री जाईपर्यंत असंच चाललं. ती सकाळचं उरकून यायची आणि बाकावर बसायची. मोटर जाळून आलेलं माणूस तिच्या शेजारी अंग चोरून बसायचं. ते गप्प, ही बोलणार. मिस्त्री दांडा फिरवता फिरवता हूं म्हणायचा, कधी "न्हाय, तसं न्हाय" म्हणायचा, आणि एक-दोनदा तर मी त्याला हसताना बघितलं. बोट परत कधी वर गेलं नाही.

ती एवढं काय बोलायची, म्हणून लोक मला अजून विचारतात. मला विचारू नका. मी मोजत होते.